हौदाचा काठ

आमचे जावई कधी रिकाम्या हाताने येत नाहीत, ही माझी त्यांच्याबद्दलची तक्रार आहे. हे ऐकून बायका हसतात. म्हणतात, आमचे जावई काही आणत नाहीत म्हणून आम्ही रडतो आणि हिचे आणतात म्हणून ही रडते. हसा बापड्यांनो. पण माणूस काहीतरी घेऊन दारात उभा राहिला की आधी तोंड हसरं करावं लागतं, मग हात पुढे करावा लागतो, आणि एकदा हात पुढे केला की जीभ आवरती घ्यावी लागते. लग्न ठरायच्या वेळी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि तारीख अलीकडे ओढून घेतली. पुढे चांगली मोठी छत्री आणली आणि जाता जाता आमची मागची खोली आपलं सामान ठेवायला मागितली. ते सामान अजून तिथेच आहे. छत्री केव्हाच मोडली.

त्या दिवशी सकाळी ते हातगाडी घेऊन आले.

मी कोपरापर्यंत फेसात होते. हॉस्पिटलच्या चादरी भट्टीवरच्या उकळत्या पाण्यातून नुकत्याच निघाल्या होत्या, आणि गरम चादर थंड पाण्यात गेली की जी वाफ उठते तिच्यात समोरचं माणूसही दिसत नाही. मला आधी चाकं ऐकू आली.

"आई, जरा बाजूला व्हा. गाडी आत घेतो."

"गाडी बाहेर ठेवा. आत धुतलंय."

"अहो, बघा तरी काय आणलंय!"

गाडी आत आलीच. धुतलेल्या दगडी फरशीवर चिखलाच्या दोन रेघा ओढत ती माझ्या जागेपर्यंत आली. तिच्यावर खोकी रचलेली होती. जावयांनी एक खोकं फोडलं, आतून पांढरी शुभ्र टाइल काढली आणि आरशासारखी माझ्या तोंडासमोर धरली.

"सगळ्या हौदाला पुरतील. खाली सिमेंट आहे, रंग आहे, भिंतीचा काळपटपणा काढायला ॲसिड आहे. तुम्हाला खिशात हात घालायचा नाही."

हौद म्हणजे नगरपालिकेचं सार्वजनिक धुलाईघर. गावात त्याला कोणी धुलाईघर म्हणत नाही, हौदच म्हणतात. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी दगडी पाटातून आत येतं, लांबच लांब हौदातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वाहत जातं आणि मागच्या नाल्याला मिळतं. हौदाच्या दोन्ही बाजूंना आमच्या जागा. वर लोखंडी खांबांवर पेललेलं लाकडी छप्पर, आणि वाफ जायला छपराच्या कण्याला फळ्याफळ्यांचे झरोके. माझ्या सासूबाई इथे धूत, त्यांच्या सासूबाई इथे धूत. त्यांच्या आधीचं सांगायला आता कोणी उरलेलं नाही. कोणाच्या घरी नळ नव्हते तेव्हा सगळं गाव इथे यायचं. आता आम्हीच येतो, ज्या दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरतो त्या. हॉस्पिटल, लॉज, खानावळी, जवळचं वसतिगृह, सगळ्यांचं धुणं आमच्याकडे.

आणि हा हौद नगरपालिकेने विकायला काढला होता. जागा नव्या बसस्टँडच्या पाठीला लागून आहे ना, ती सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. खाली दुकानं, वर कचेऱ्या आणि तळघरात गाड्या लावायची सोय, असं काहीतरी बांधायचं ठरलं. आम्ही बायका कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, "ही सरकारी मालमत्ता आहे. तुमची नाही."

"आमची नाही, कबूल," मी म्हटलं. "मग तुमची कशी झाली? विकताय तर तुम्ही!"

साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला.

माझी लेक औषधांच्या दुकानात कामाला आहे, लिहिण्यावाचण्यात हुशार. तिनेच शोधून काढलं की जुन्या इमारती सांभाळायला एक वारसा समिती असते. तिच्या यादीत हौद गेला तर तो विकता येत नाही की पाडता येत नाही. मी शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नाही, पण अर्ज मी तोंडाने सांगितला आणि तिने लिहिला. मी सांगितलं, लिही, की आम्ही इथे इतकी वर्षं राबलो की हात टेकून टेकून दगड झिजले, ज्या त्या जागेला खळगा पडला. आमचे कष्ट त्यांना कळावेत म्हणून सांगितलं होतं. अर्जाला उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात समितीच्या बाई स्वतः हौद बघायला येणार होत्या.

हे लेकीने घरी नवऱ्याला सांगितलं. आपल्या माणसाला सांगणार नाही तर कोणाला सांगेल? आणि चार दिवसांत ही गाडी दारात.

"आई, एवढी मोठी माणसं येणार," जावई म्हणाले. त्यांचा धंदा रंगाचा आणि टाइल्स बसवण्याचा. "आणि हे बघा काय दिसतंय. काठ झिजलेले, भिंतीला शेवाळ, खांबांचे पापुद्रे निघालेत. त्या बाई म्हणतील, एवढं मोडकं कशाला ठेवायचं? तुमच्याकडे पाहुणे येणार असले तर तुम्ही घर असंच ठेवाल का?"

हे त्यांनी बरोबर जागी टोचलं. आमचा जन्म दुसऱ्यांचे डाग काढण्यात गेला. हॉस्पिटलची चादर कशी येते आणि आमच्याकडून कशी जाते, ते ज्याने पाहिलं त्यालाच माहीत. पाहुणा यायचा म्हटलं की आमच्या बायकांचे हात शिवशिवतात. एरवी कितीही भांडत असल्या, तरी घाण दाखवायला कोणी तयार होणार नाही. आणि मला तर झिजलेल्या काठाची आधीपासून लाज वाटे. फुटक्या बशीतून चहा दिल्यासारखं वाटायचं.

"लावा," मी म्हटलं. "माझ्या जागेपासून सुरू करा."

मी हो म्हटलं की हौदावर होच असतं. एकीचा अपवाद सोडून.

ती एक म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिची जागा माझ्या शेजारीच, कोपर लागेल इतकी जवळ, पण आमचं बोलणं नाही. लोकांना वाटतं, लॉजच्या एका हरवलेल्या अभ्र्यावरून बिनसलं. अभ्रा हे निमित्त झालं. खरं म्हणजे सासूबाईंनी जाताना आपली जागा मला, थोरलीला, द्यायची सोडून तिला दिली. तेव्हापासून आम्हाला एकमेकींना काही सांगायचं असलं की भट्टी पेटवणारे दादा मध्ये लागतात.

जावई सिमेंटचं घमेलं घेऊन तिच्या जागेपाशी गेले तर तिने हातातलं धोपाटणं आडवं धरलं.

"दादा," ती भट्टीकडे तोंड करून म्हणाली, "त्यांना सांगा, इथे हात लावायचा नाही."

"दादा," मी म्हटलं, "तिला सांगा, सगळ्यांचं पांढरं आणि हिचं एकटीचं काळं, हे शोभणार नाही."

"दादा, सांगा त्यांना, इथे सासूबाईंचा हात आहे. तो मी बुजवू देणार नाही."

दादा म्हणाले, "मी कोळसा घालू का निरोप पोचवू?"

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. सासूबाईंचं नाव तिने मला टोमणा मारायला काढलं, असंच मला वाटलं. म्हटलं, राहू दे. पाहुण्यांना दिसेल कोण स्वच्छ आणि कोण हट्टी.

मग आम्ही कामाला लागलो. त्या आठवड्यात हौदावर जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ॲसिड ओतून भिंती घासल्या. फेस यायचा, नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, आणि दगड आतून पिवळा-गोरा निघायचा. गोऱ्या दगडावर मग फिकट हिरवा ऑइलपेंट चढला, खांबांना चंदेरी. काठाचे खळगे सिमेंटने भरून सपाट केले आणि वर पांढऱ्या टाइल्स. रोजचं धुणं सांभाळून हे सगळं केलं. कोणाच्या हाताला फोड आले, कोणाची पाठ धरली, पण कोणी घरी गेली नाही. जावई स्वतः मध्ये उभे राहून सांगत होते, इथे घासा, तिथे घासा. चहासुद्धा त्यांनीच मागवला. लेक संध्याकाळी दुकानातून आली आणि दारातच थांबली.

"आई, ओळखूच येत नाही गं," ती म्हणाली.

मला ते कौतुक वाटलं.

समितीच्या बाई आल्या त्या दिवशी आम्ही सगळ्या धुतलेले एप्रन घालून ओळीत उभ्या होतो. केस पिकलेल्या बाई, पायात जाड बूट, गळ्यात कॅमेरा. त्यांच्याबरोबर नगरपालिकेचे साहेब. जावईही होते, जरा मागे, नवीन शर्टात.

बाई दारात उभ्या राहिल्या. वर छपराकडे बघितलं, मग खांब, मग भिंती. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आमचा धंदाच तो आहे."

त्या हौदाच्या कडेने चालत आल्या. टाइल्सवरून बोट फिरवलं. माझ्यापाशी येऊन थांबल्या. अगदी हळू विचारलं, "जुना काठ कुठे आहे?"

"हाच. हाच काठ."

"नाही, तो झिजलेला. तुमच्या अर्जात होतं, हात टेकून दगडाला खळगे पडलेत म्हणून. इतके अर्ज वाचले मी, पण त्या एका ओळीसाठी एवढ्या लांब आले."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"ते भरून घेतले," मी म्हटलं. "तुम्ही येणार म्हणून."

"माझ्यासाठी?"

"पाहुण्यांना फुटकंतुटकं दाखवतं का कोणी?"

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला रागावणाऱ्या माणसाशी बोलता येतं. त्या नुसत्या काठावर बसल्या, कॅमेरा मांडीवर ठेवून.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "दादा, बाईंना सांगा, एक जागा आहे."

बाई उठल्या. धाकटीची जागा दोन पांढऱ्या काठांच्या मध्ये काळीसावळी पडली होती. दगड मधे दबलेला, लोण्यात बोट फिरवावं तसा गुळगुळीत. बाईंनी बाही वर केली आणि आपला हात त्या खळग्यात ठेवला, कोपरापासून मनगटापर्यंत. तो तिथे बरोबर बसला. त्यांनी डोळे मिटले. माझ्या सासूबाई दुपारी थकल्या की अशाच हात टेकून डोळे मिटायच्या. मी मान फिरवली.

"सगळे असेच होते?" बाईंनी विचारलं.

"सगळे," मी म्हटलं.

साहेब घसा खाकरून पुढे झाले. "मॅडम, मूळ स्वरूप शिल्लक असलं पाहिजे, असा तुमचाच नियम आहे. इथे भिंत नवी, काठ नवा, रंग नवा. एका जागेवरून इमारत कशी ठरवणार?" मग ते मागे वळले आणि आमच्या जावयांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तुम्ही मात्र कमाल केलीत. सांगितलं होतं त्याच्या दुप्पट काम!"

सांगितलं होतं.

मी जावयांकडे बघितलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

माणसाला शंका येते तेव्हा थोडा तरी वेळ लागतो. मला नाही लागला. गाडी, टाइल्स, ॲसिड, घरी येणाऱ्या पाहुण्यांचं दिलेलं उदाहरण, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी भट्टीपाशी गेले, कोळसा फोडायचा हातोडा उचलला आणि माझ्या जागेवर येऊन पहिल्या टाइलवर घातला.

"मावशी!" बायका ओरडल्या.

टाइल फुटली. मी परत घातला. मला वाटलं होतं, वरचं निघेल आणि खालून माझा काठ निघेल, जसा होता तसा. धुण्यात तसंच असतं. वरचा मळ गेला की कापड आपलं असतं. पण सिमेंटबरोबर दगडाची कपचीच उचलून आली. ॲसिड पिऊन दगड भुसभुशीत झाला होता. दुसरा घाव घातला तर आणखी मोठी कपची. खालून जे निघालं ते खडबडीत होतं, कोणाच्याही हाताचं नव्हतं.

बाईंनी माझं मनगट धरलं. "थांबा. आहे तेवढं तरी राहू द्या."

हातोडा कोणी घेतला ते आठवत नाही. माझ्या जाऊबाईने घेतला असावा, कारण नंतर तो तिच्या जागेपाशी होता.

पुढच्या महिन्यात मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. एक दगड बुजवला होता, तर दुसरा झिजवायला घेतला म्हणा. खिडकीवरचा म्हणे वर जा, वरचा म्हणे जेवणाच्या सुट्टीनंतर या, सुट्टीनंतर म्हणे साहेब मीटिंगमध्ये. मी बाकावर बसून राहायचे. एक दिवस साहेब बाहेर जायला निघाले आणि मी वाटेत उभी राहिले.

"तुम्ही आम्हाला फसवलंत."

"कोणी फसवलं?" साहेब गोडीत म्हणाले. त्या माणसाचा आवाज कधी चढत नाही, हाच त्याचा गुण. "घासलं तुम्ही. रंगवलं तुम्ही. सगळ्यांसमोर हातोडा घातलात तोही तुम्हीच. तक्रार कोणाविरुद्ध लिहायची? तुमच्या घरातल्या माणसाविरुद्ध लिहिणार असाल तर लिहा. मी घेतो."

मी दारातून बाजूला झाले. आयुष्यात मी कोणाचं ऐकून बाजूला झालेली नाही.

समितीच्या बाईंनी भांडून पाहिलं. लेकीला फोन करून त्यांनी सगळं सांगितलं. छप्पर जुनं आहे, पाट जुना आहे, एवढ्यावर तरी यादीत घ्या, असा त्यांनी हट्ट धरला. पण समितीत बाकीचे होते आणि बाकीच्यांनी मान हलवली. हौद यादीत गेला नाही. धाकटीची एकटीची जागा तेवढी जपून ठेवावी, असं ठरलं.

लेक घरी आली तेव्हा माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही गं आई, शपथ. मी घरी सांगितलं नसतं तर..." तिने अंगठी फिरवायची थांबवली. "त्या नव्या इमारतीतलं सगळं टाइल्सचं काम त्यांना मिळालंय. ते म्हणतात, मी नसतं केलं तर दुसऱ्या कोणी केलं असतं. मी काय बोलू त्यांना?"

"तू काही बोलू नकोस. तुला त्यांच्याबरोबर राहायचंय. ते बोलायचं काम माझं."

पण मी बोलले नाही. जावयाला बोलायचं म्हणजे लेकीच्या ताटात माती टाकल्यासारखं, म्हणून इतकी वर्षं गिळत आले होते. तीच सवय. ते घरी यायचे, मी चहा करायचे. एकदा त्यांनी माझ्यासाठी हातमोजे आणले, रबराचे, गुलाबी. मी ते खुंटीला टांगून ठेवले.

पाणी तोडायचा दिवस ठरला. हॉस्पिटलने धुणं दुसरीकडे दिलं होतं, तिथे मशीनी आहेत. बायका पांगल्या. कोणी लॉजवर झाडायला लागली, कोणी मुलाकडे गेली. शेवटच्या सकाळी मी गेले तर हौदावर एकटी धाकटी होती. भट्टी विझलेली. वाफ नसल्यामुळे छप्पर पहिल्यांदाच नीट दिसत होतं, झरोक्यांतून येणारं ऊन पाण्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं. टाइल्स इतक्या चकचकत होत्या की डोळे चुरचुरावेत.

माझ्या जागी धुता येईना. फुटलेल्या काठाने कापड फाटायचं. हातात घरच्याच दोन चादरी होत्या, उगाच आणलेल्या. मी तशीच उभी राहिले.

निरोप द्यायला दादाही नव्हते.

धाकटी सरकली. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि सासूबाईंच्या खळग्यात हात टेकला. एका हातापुरती जागा. तिचा एक हात, माझा एक हात, आणि मधे चादर. आम्ही दोघींनी ती दोन टोकांना धरून पिळली.

"अभ्रा माझ्याकडेच होता," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "डाव्या हाताने पीळ, उलटं जातंय."

तेव्हाच चाकं वाजली.

जावई हातगाडी घेऊन दारात उभे होते. यावेळी गाडी बाहेर ठेवली, ते शिकले होते. गाडीवर मोठं खोकं, त्याला वरून चमचमती फीत बांधलेली. त्यांच्या मागे लेक उभी होती, नजर खाली घालून.

"आई," ते म्हणाले, "वॉशिंग मशीन आहे. मोठं, लॉजमध्ये असतं तसं. तुमच्या मागच्या खोलीत बसेल, मी माझं सामान हलवतो. पाणी उपसायचं नाही, पिळायचं नाही. घरबसल्या धंदा करा." माझा हात चादरीवरच राहिला तसे ते भराभर बोलत सुटले. "आणि काकूंच्या जागेचा दगड आहे ना, तो जपून काढायला सांगितलाय मी. नव्या इमारतीच्या दारात ठेवणार आहेत. आत माती भरून फुलझाडं लावणार. तुमचीच आठवण राहील सगळ्यांना."

धाकटीने चादरीचं टोक सोडलं नाही. पण तिची बोटं पांढरी पडली.

मी हात कोरडे केले. सावकाश केले, एकेक बोट. माझ्या लेकीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. नको असं त्या नजरेत नव्हतं. मग मी दारापर्यंत गेले.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुम्ही माणूस वाईट नाही. तसे असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही घड्याळ आणलंत, छत्री आणलीत, टाइल्स आणल्यात, आज हे आणलंत. तुमच्या हातात जे असतं ते सगळ्या गावाला दिसतं. जाताना जे नेता ते मला एकटीला दिसतं. हा हौद माझा नव्हता. माझा असता तर मी दिला असता, लेकीच्या सुखासाठी काय देत नाही माणूस? हा सगळ्यांचा होता. सगळ्यांचं ते तुम्ही माझ्या हातांनी घासून पुसून काढलंत आणि वर मला चहा पाजलात. गाडी वळवा. माझं दार तुम्हाला बंद नाही. लेकीला घेऊन या, एकटे या, जेवायला या, आजारी पडलात तर पडायला या. पण यापुढे माझ्याकडे येताना हात रिकामे ठेवून यायचं."